विहिरीतून मारलेली हाक

काल कुंभारी गावात शेजारच्या शेतात जुनं डिझेल इंजिन सुरू झालं आणि त्या वासासरशी मला आमची विहीर आठवली.

एकाहत्तरचं युद्ध नुकतंच संपलं होतं. नौदलाच्या युद्धनौकेवर असलेला माझा थोरला भाऊ तात्या सुटीवर आला होता. तो काठावर इंजिनापाशी बसला होता आणि मी विहिरीत पोहत होते. मी सहज हाक मारली, “तात्या, ये की.”

तो ताडकन उठला. अंगावरच्या कपड्यांनिशी त्यानं उडी टाकली, माझं मनगट धरलं आणि मला ओढत पायऱ्यांवर आणलं. तरी त्यानं मनगट सोडलं नाही.

“आरं, तिला पवता येतंय की,” आई वरून म्हणाली.

“आमचं जहाज थांबलं न्हाय, आई,” तो म्हणाला. “शेजारचं बुडालं. पोरं पाण्यातनं हाका मारत हुती. शत्रूची पाणबुडी जवळच हुती, थांबायचा हुकूम न्हवता.”

तेव्हा मला फक्त मनगट दुखत होतं. त्यानं त्या क्षणी कुणाकुणाचा हात धरला होता, हे आता कळतं.

आई पायऱ्या उतरून आली. तिनं त्याची बोटं सोडवली नाहीत. ती ओल्या पायरीवर आमच्याशेजारी नुसती बसून राहिली.