शंकू, पट्टा आणि धाकटी जाऊ

कल्पना करा, रॉकेटच्या वरच्या टप्प्यातल्या इंजिनाचं नोझल तुम्हाला करायचं आहे. अवकाशात ज्वाला नीट पसरायला ते लांब हवं, पण रॉकेटच्या पोटात तेवढी जागा नाही. म्हणून त्याचा खालचा भाग, म्हणजे माणसाएवढा कार्बनचा शंकू, वर सरकवून ठेवायचा. खालचा टप्पा गळून पडला की तीन स्क्रू फिरतात, शंकू उतरतो आणि जागेवर पक्का बसतो. एक बाजू केसभर मागे राहिली तर तो तिरका होऊन अडकतो, आणि तिथे हातोडी घेऊन कोण जाणार?

थोरली जाऊ आठ वर्षं हेच करते आहे. तिच्या रचनेत तीन स्क्रूंना तीन मोटरी, आणि दहातून एकदा तरी शंकू अडकतोच.

धाकटी जाऊ तिच्याच शिफारशीने कार्यशाळेत लागली. एके दिवशी म्हणाली, "ताई, तीन मोटरी कशाला? एकच मोटर, आणि तिन्ही स्क्रूंना मिळून एक दातेरी पट्टा. मग मागे राहील कोण?"

"करून बघ," थोरली म्हणाली. अंगाचा मात्र तिळपापड झाला. आठ वर्षांत हे आपल्याला का सुचू नये?

सोमवारी धाकटीचा शंकू वीस वेळा उतरला, एकदाही अडकला नाही. दोघींपैकी कुणाची रचना उडणार, हे शुक्रवारी समिती ठरवणार होती.

"वहिनी, शेवटी तुमच्याच हाताखाली शिकली हो," जेवताना दीर म्हणाला.

"हो ना. आणि माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटल्या."

सासूबाई खुदकन हसल्या. थोरली हसली नाही.

मंगळवारी ती एकटीच खोट शोधायला धाकटीच्या चाचणीच्या सांगाड्यापाशी गेली. मागे जमिनीवर एक लोखंडी वजन पडलं होतं. जमिनीवर शंकू स्वतःच्या भारानेही खाली येतो. अवकाशात तो भार नसतो. म्हणून चाचणीत कप्पीवरून दोरी टाकून तेवढंच वजन दुसऱ्या टोकाला बांधतात. पट्टा बसवताना कप्पी आड आली म्हणून धाकटीने वजन सोडलं होतं, आणि परत बांधायला विसरली होती. वीसच्या वीस चाचण्या फुकट!

थोरलीच्या मनात उकळ्या फुटल्या. आता हे समितीसमोरच विचारायचं. ती कुणाला काही बोलली नाही.

गुरुवारी सकाळी धाकटी तिच्या टेबलापाशी आली. "ताई, उद्या माझ्या शेजारी बसाल? प्रश्न आले की मी गांगरते."

"वजन बांधलं होतंस का?" थोरलीच्या तोंडून निघूनच गेलं.

धाकटीचा चेहरा उतरला. वजन बांधून पाहिलं, तर शंकू अर्ध्यावर थांबला. मोटरीचा जोर पुरेना. शेवटी थोरलीने आपल्या नमुन्यातली दणकट मोटर स्वतःच्या हाताने काढून दिली. संध्याकाळपर्यंत शंकू तीसदा उतरला.

शुक्रवारी समितीने पट्ट्याची रचना निवडली. अहवालात धाकटीने थोरलीचे आभार मानले होते: 'चूक वेळेवर दाखवल्याबद्दल.'

'वेळेवर' या शब्दावर थोरली अजून अडते. पट्टा आपल्याला सुचला नाही, ही जळजळ तर आहेच. पण त्याहून तिला एक गोष्ट कळायला हवी आहे: गुरुवारी धाकटी खरंच घाबरून आली होती, की आपण दोन दिवस गप्प आहोत हे तिला माहीत होतं?