फोटो मात्र छान आला

सीताबर्डीजवळच्या एका कॉलेजात बक्षी सर डीन झाले, तेव्हा मुलं त्यांच्या ऑफिसात रडायला यायची. कुणाचं घरी भांडण, कुणाचा पेपर बुडालेला. सर चहा मागवायचे आणि ऐकत बसायचे. पुढे तपासणी समित्या सुरू झाल्या, आणि ऐकण्यापेक्षा ऐकल्याचा पुरावा मोठा झाला. मूल भेटायला आलं की फोटो काढायचा, त्यावर तारीख, वेळ, ठिकाण उमटवायचं आणि फाइलीला लावायचा.

मंगळवारी खाप्याहून रोज येणारी एक मुलगी आली. "सर, मी कॉलेज सोडून राहिली," एवढंच बोलली आणि रडायला लागली.

सरांनी सवयीनं घंटी दाबली. म्हातारा शिपाई रुपराव मोबाइल घेऊन आला. "सरांकडे पाह्य वं पोरी," तो म्हणाला. मुलीनं ओढणीनं डोळे पुसले आणि ती ताठ बसली. फोटो निघाला.

"झालं, सर?" तिनं विचारलं.

सर फोटो बघत होते. "हो, झालं," ते म्हणाले. ती उठून गेली.

संध्याकाळी त्यांनी फोटोखाली 'विद्यार्थी समुपदेशन' असं लिहिलं. फोटोत आपण चक्क हसतोय, हे पाहून त्यांचे कान तापले. पुढचा रकाना नावाचा होता. पेन खाली ठेवून त्यांनी खालमानेनं रुपरावला तिचं नाव विचारलं.

"मले काय मालूम, सर," रुपराव म्हणाला. "बोलाले तं ते तुमच्याशी आली होती."