हातभर खोल गाठी

माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मावशी सव्वीस वर्षं काचसामान धूत होती. बाटली खिडकीपाशी उजेडात धरून तिनं "हं" म्हटलं की ती स्वच्छ. मग दुसऱ्या कुणी बघायची गरज नसे.

नव्या मॅडमचं काम माळावरच्या रानझुडपांवर होतं. शेंगा धरणाऱ्या झाडांच्या मुळांना बारीक गाठी येतात. त्यांत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला पुरवतात. पण या कोरड्या माळावरच्या झुडपाला गाठच सापडेना. तीन फेऱ्या फुकट गेल्या. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "चौथी शेवटची. नाही मिळाल्या तर तसं लिहा आणि विषय संपवा."

चौथ्या फेरीला नेमका मदतीचा माणूस आजारी पडला. मावशीनं पदर खोचला. "मी येते."

घरी नवऱ्यानं हातातली कात्री खाली ठेवली. तो शिंपी होता. "या वयात माळावर? गुडघे कुरकुरतात तुझे."

"कुरकुरू देत. मी कुठे त्यांचं ऐकते?"

माळावर मॅडमनी कुदळ घातली आणि झुडूप ओढून काढलं. मुळं तुटून हातात आली. गाठ एकही नाही. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"मॅडम, मूळ तर खालीच राहिलं की! वरची माती हाताला चटका देतेय. तुमचे जिवाणू कशाला राहतील इथे?"

जीपचा ड्रायव्हर हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कुदळ मावशीकडे दिली.

मावशीनं दुसरं झुडूप धरलं. त्याला हात न लावता वीतभर अंतरावर सरळ खड्डा घेतला. मग आत उतरून खुरप्यानं आडवी माती सोडवत गेली. हातभर खोलीवर माती गार लागली. तिथून पुढे तिनं पिशवीतला बाटल्या घासायचा ब्रश काढला आणि पिण्याच्या पाण्याची बारीक धार सोडत मुळं मोकळी केली.

"मावशी, आम्ही काय प्यायचं?" ड्रायव्हर ओरडला.

"गप रे!"

दोऱ्यासारख्या मुळांवर मोहरीएवढ्या सात गाठी होत्या. मॅडमनी एक पात्यानं कापली. आतून गुलाबी. म्हणजे जिवंत, कामावर असलेली. मॅडमनी खड्ड्यातच मावशीला मिठी मारली आणि दोघीही मातीनं माखल्या.

प्रयोगशाळेत मॅडमनी काही गाठी जंतुनाशकातून काढल्या, चिरडल्या आणि जिवाणू वाढवायची खळ भरलेल्या काचेच्या बशांवर पसरल्या. तीन दिवसांनी बशांवर नुसती बुरशी. साहेबांनी मोरीकडे बघितलं. "काच नीट धुतली नसेल."

मावशीचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "साहेब, दोष माझ्या काचेचा असेल तर गाठ न घातलेल्या बशीतही बुरशी येईल. तशा दोन ठेवून बघा."

ठेवल्या. चौथ्या दिवशीही त्या लख्ख होत्या. तेव्हा मॅडमनीच कबूल केलं, आतले जिवाणू मरतील या धास्तीनं त्यांनी गाठी जंतुनाशकात फार कमी वेळ ठेवल्या होत्या. वरची बुरशी तशीच राहिली होती. उरलेल्या तीन गाठींना त्यांनी पुरता वेळ दिला. पाचव्या दिवशी बशीवर पांढुरके, ओलसर ठिपके उमटले.

मग बारा कुंड्या भरल्या, भाजलेल्या वाळूच्या. सहांत बियांबरोबर ते जिवाणू घातले, सहांत नाही. दीड महिन्यात नुसत्या वाळूतली रोपं पिवळी पडून खुरटली. बाकीची सहा हिरवीगार, बोटभर उंच. साहेबांनी वाकून एकेक कुंडी पाहिली.

"मावशी, काचेबद्दल बोललो, ते चुकलंच माझं."

"होय, चुकलं," मावशी म्हणाली, "आता ही रोपं उन्हातून हलवायला जरा हात लावा."

साहेबांनी कुंडी उचलली. अहवालात गाठी शोधणाऱ्यांची दोन नावं लागली, मॅडमचं आणि मावशीचं.

पुढच्या हंगामात तीन नवे संशोधक आले. मॅडमनी त्यांना पहिल्याच दिवशी मावशीबरोबर माळावर पाठवलं. दुपारपर्यंत तिघांनीही धड खड्डे खणले. दोघांना गाठी मिळाल्या. तिसऱ्याच्या हातात तुटकं मूळ आलं, तेव्हा मावशीनं त्याला शेजारचं झुडूप दाखवलं. "हे घे. या वेळी घाई करू नकोस."