मार्क आधी आत्याला कळायचे

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी पान तोंडात टाकून उठून जाणारा. कायद्याचा माणूस मी — पुरावा दाखवा, मग बोला. पण ही गोष्ट माझ्याच घरात घडली...

महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. कर्जतच्या एका कचेरीत मी कारकून होतो आणि कडावला आत्याकडे राहत होतो. डोक्यात वकिलीच्या परीक्षेचं खूळ. परीक्षा मुंबईला आणि रजा मिळणार नव्हती, म्हणजे नोकरी सोडूनच जायचं. नापास झालो तर दोन्हीकडून गेलो! खालापूरच्या अण्णांनी, एका निवृत्त वकिलांनी, तोड काढली. दर रविवारी मी घड्याळ लावून जुना पेपर सोडवायचा आणि पोस्टाने त्यांना धाडायचा. ते कार्डावर मार्क कळवणार. साठ ओलांडले की राजीनामा.

पहिल्या रविवारी आत्याने पाकीट हातात घेतलं आणि सहज म्हणाली, "चौतीस." तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून मी हसलो. गुरुवारी कार्ड आलं — चौतीस. खाली शेरा : प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'हुजुरांस योग्य वाटेल तो हुकूम व्हावा' असं लिहितोस, निकाल तू द्यायचा आहेस. कारकुनी हाडात मुरलेली, दुसरं काय!

पुढल्या वेळी ती बावन्न म्हणाली, कार्डावरही बावन्न. तिसऱ्या पेपरला म्हणाली त्रेसष्ट. मी हरखलो. कार्ड आलं, तर अठ्ठेचाळीस... 'यंदा राहू दे.' मला रडूच आलं.

आत्या शांत होती. "तुजा अण्णा चुकला. जाऊन इचार, रं."

ओशाळत खालापूरला गेलो. आत्याचं नाव काढायची लाज वाटली, नुसता पेपर पाहू द्या म्हणालो. अण्णा पानं उलटू लागले. दोन पानं शाईने चिकटली होती आणि आत एक अख्खं उत्तर तपासायचं राहिलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि पंधरा मार्क दिले. अठ्ठेचाळीस आणि पंधरा, त्रेसष्ट!

मी राजीनामा दिला. निघताना आत्याला विचारलं, परीक्षेत किती पडतील? "तो कागद माज्या हातात कुटं येनार हाय?" म्हणाली. पास झालो, सनद मिळाली, आता बरं चाललंय.

साक्षीदार फोडण्यात माझा हातखंडा आहे, असं लोक म्हणतात. आत्याला मी वीसदा तरी उलटसुलट विचारलं. "हातात घेतलं की कळायचं," याच्यापुढे ती जात नाही. हे कसं, ते मला आजही ठाऊक नाही. आणि खरं सांगू? ती खोटी ठरावी, असं मला मुळीच वाटत नाही.