सदतिसाने भाग जाणारी झाकणं

कोणताही लांबलचक नंबर दिसला, की अण्णा उजवीकडून तीन-तीन आकडे सोडून हवेत बोटाने रेघा मारत. लॉरीवरचा, गॅसच्या टाकीवरचा, माझ्या मोबाइलचा. "दिसतो तसा नसतो, तम्मा," धाकट्या भावाला म्हणावं तसं ते मला म्हणत. "फोडून बघ. तुझ्या फोनला तेराने भाग जातो. वाईट नाही."

तारिहाळच्या आमच्या कारखान्यात ते तपासणीच्या टेबलावर होते, मी पॅकिंगला. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल: शाळा आठवीतच सुटलेली, गणित काही सुटलेलं नाही.

आमच्याकडे पंपाची झाकणं होतात. फिरत्या साखळीवरच्या पकडीत झाकण बसवायचं; यंत्र भोक पाडतं आणि ओळीने पुढचा सात आकडी नंबर ठोकतं. बसवण्याचं काम कलघटगीहून येणाऱ्या अक्काचं. एका महिन्यात अकरा भोकं तिरकी गेली. सुपरवायझर म्हणाला, "तुझा हात थरथरतो. सोमवारपासून येऊ नको."

चौकशीशिवाय माणसाला काढणं हा जुलूमच, हे माझं मत आजही आहे. जेवणाच्या सुट्टीत मी पत्रक लिहून काढलं. शोषण, मुजोरी, सगळं होतं त्यात.

अण्णांनी वाचलं. "छान. झाकणांचे नंबर कुठायत?"

"नंबर कशाला? अन्याय दिसतोय ना!"

"तुला दिसतोय. त्याला दिसू दे की."

त्यांनी भंगाराच्या पेटीतून अकराही झाकणं काढली. पहिलं ४२१८७४०. "चार, दोनशे अठरा, सातशे चाळीस. बेरीज नऊशे बासष्ट. सदतीस सव्विसा. गेला भाग." दुसरं ४२२११४५. बेरीज तीनशे सत्तर. हाही गेला. असे दहा नंबर गेले. तीन-तीन आकड्यांच्या बेरजेला सदतिसाने भाग गेला, की अख्ख्या नंबराला जातो. आणि साखळीला पकडी होत्या बरोबर सदतीस. दर सदतिसावं झाकण त्याच पकडीत बसतं; म्हणजे बिघडलेली झाकणं एकाच पकडीतली.

"माणसाचा हात सदतीस मोजून चुकत नाही," अण्णा म्हणाले.

अकराव्याला मात्र भाग जाईना. मी ते झाकण परत पेटीत टाकायला निघालो. "दहाच दाखवू."

अण्णा पहिल्यांदाच चिडले. "ठेव खाली! नंबर लपवणारा तू आणि हिला ढकलणारा तो, फरक काय मग?"

अक्का शेजारीच उभी होती. "तो माझा हो, अण्णा. त्या दिवशी पोरीला ताप होता. लक्ष नव्हतं माझं."

"हौदा? असं होय? मग तसंच लिही रे."

माझ्या पत्रकातल्या सगळ्या घोषणा गेल्या. उरले अकरा नंबर: दहा पकडीचे, एक अक्काचा. सुपरवायझरने कागद घेऊन मोबाइलवर दोनदा भागाकार केला. शेवटच्या ओळीवर थांबला.

"हे तिनं स्वतः सांगितलं?"

"हो."

तो पाना घेऊन साखळीकडे गेला. सदतिसावी पकड नुसत्या बोटाने हलत होती. सोमवारी अक्का कामावर होती.

अण्णा निवृत्त होऊन लेकीकडे अळणावरला गेले. आता यंत्राशेजारी एक पाटी टांगली आहे. बिघडलेल्या झाकणाचा नंबर तिच्यावर लिहायचा. गेल्या आठवड्यात नव्या मुलीने पहिल्याच दिवशी एक झाकण बिघडवलं. तिने नंबर लिहिला, तीन-तीन आकड्यांची बेरीज केली. भाग जाईना. सगळ्यांसमोर तिने नंबरापुढे आपलं नाव लिहिलं, हातावरचा खडू झटकला आणि पुढचं झाकण उचललं.