जाईबाईची तार

लालबागच्या एका चाळीत जाईबाईची खानावळ होती. जेवायला येणारे सगळे कोकणातले, सगळे गिरणीतले. तिचा नवरा सीताराम क्षयानं गेला, तेव्हा पोरगा जगदीश सात वर्षांचा होता. इस्पितळात खाट रिकामी होण्याची वाट बघता बघता सीताराम घरीच संपला. हे जाईबाई विसरली नाही आणि पोरालाही तिनं विसरू दिलं नाही.

तोच जगदीश छप्पन साली सायकल घेऊन बोटीनं विलायतेला गेला आणि डेन्मार्कपासून नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला निघाला. गावोगावच्या शाळांत, चर्चमध्ये तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत गिरणगावच्या क्षयरोग्यांविषयी बोलायचा आणि लोक इस्पितळातल्या खाटांसाठी डब्यात पैसे टाकायचे. पत्र आलं की गिरणीत साच्यांवर काम करणारा रघु ताट बाजूला सारून ते वाचायचा. चुलीजवळच्या भिंतीवर शाळेतला एक जुना नकाशा होता. त्यात तो मुलूख वाळत टांगलेल्या माशासारखा दिसे. रघु गाव दाखवी आणि जाईबाई तिथे हळदीचं बोट टेकवी. तिकडे म्हणे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. "मगे दिवो कधी लावतत?" एवढीच तिची शंका.

चाळीतल्या काहींना हे खुपायचं. "हयसर पोरां गोळयो खातत आणि तुझो झील सायबाच्या देशात हवा खाता!" असं कोणी म्हणालं की ती कढईवर डाव आपटायची. मराठी राज्यासाठी जानेवारीत निघालेल्या मोर्चात अश्रुधूर तिनंही खाल्ला होता. "लढाई काय एकाच रस्त्यार होता?" असं विचारून ती समोरच्याचं तोंड बंद करायची.

तिचा धाकटा दीर दत्ताराम मात्र नुसता बोलून थांबणारा नव्हता. जगदीशला गिरणीत त्यानंच चिकटवलं होतं. आता जगदीशची रजा संपत आली होती, मस्टरवरून नाव कापलं जाणार होतं. त्याच मागणीसाठी पुकारलेल्या हरताळाच्या दिवशी दुपारी जेवता जेवता त्यानं सांगून टाकलं, "वयनीनू, काल झिलाक तार केलंय. आई सिरियस, ताबडतोब निघ."

ही तार गिरणगावाला नवी नव्हती. पोराला बोहल्यावर उभं करायचं असो की जमिनीच्या कागदावर सही घ्यायची असो, कोकणातून हीच तार यायची. तारेत चार चार वेळा सिरियस झालेल्या म्हाताऱ्या गावी खुशाल भात लावत होत्या. तरी खोटी असेल म्हणून घरी बसायची छाती कुणाची नव्हती. जगदीशचीही नसणार. शेवटच्या पत्रात लिहिल्याप्रमाणे चार दिवसांनी तो ट्रॉन्डहेम नावाच्या गावी पोचणार होता. तिथल्या पोस्टात तार हातात पडली की तो अर्ध्यावरूनच मागे फिरणार.

जाईबाईच्या मस्तकात तिडीक गेली. "मी जित्ती असताना माका मारूचो अधिकार तुमका कोणी दिल्यान, भावजी?"

"त्याच्या बऱ्यासाठीच केलंय ना!"

"त्याचा बरां तो बघतलो. नोकरी गेली तर हयसर ताटां घासतलो!"

तिनं शेवटचं पत्र कमरेला खोचलं आणि ती निघाली. ट्राम बंद, बस बंद, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. फाउंटनजवळच्या मोठ्या तार ऑफिसापर्यंत ती चालत गेली. भायखळ्याला एका पोलिसानं हटकलं, "कुठं चाललीस, बाई?"

"पोराक पुढे धाडूक," ती म्हणाली आणि थांबली नाही.

खिडकीतल्या कारकुनानं पत्रावरून पत्ता उतरवून घेतला. "आता मजकूर सांगा. आई बरी आहे, असं लिहू?"

जाईबाईनं वाटेत विचार करून ठेवला होता. बरी आहे म्हटलं तर दत्ताराम उद्या दुसरी तार ठोकील, परवा तिसरी, आणि पोर दर गावी हबकून उभं राहील.

"लिवा. आई मेली तरी येव नको. पुढे जा."

कारकुनाचा हात थांबला. "अहो, असं अभद्र कुणी लिहितं का? उद्या खरंच काही झालं तर? तो यायचा नाही. मग शेवटी तुमच्या तोंडात पाणी कोण घालणार?"

सीतारामच्या तोंडात पाणी घालताना जगदीशच्या इवल्याशा हातातून अर्धं पाणी उशीवर सांडलं होतं. ते तिला आठवलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीच्या आणखी जवळ सरकली.

"पाण्याचा काय? चाळीत नळ आसा," ती म्हणाली. "कोणय घालीत. तुमी लिवा."