सगळ्यांनी मिळून हळू

वर्ध्यात माझं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकान बंद असलेल्या दिवशी मी लोकांना टेकड्यांवर नेते. फुकट. यात काहीतरी गोम असणार, असं बाजारातल्या शेजाऱ्यांना अजूनही वाटतं.

माझे नियम कडक आहेत. माझ्यापुढे कोणी जायचं नाही. शेवटी एक जाणता माणूस चालतो, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. जंगलात मोबाइलवर गाणी लावायची नाहीत, चिवड्याचं रिकामं पाकीट ज्याचं त्याने घरी न्यायचं. आणि सगळ्यात हळू चालणारा ओळीत माझ्या लगेच मागे हवा, म्हणजे बाकीचे त्याच्या चालीने चालतात आणि तो बिचारा एकटा पडत नाही. पण आमच्याकडच्या माणसाला "तुम्ही हळू चालता" असं तोंडावर सांगून बघा, तो घरी पोहोचेपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही.

आमच्यात सगळ्यात हळू होते गुरुजी. निवृत्त कवायत शिक्षक. गटातल्या अर्ध्या लोकांना, मला धरून, त्यांनी शाळेच्या मैदानावर उन्हात उभं केलेलं. बायको गेल्यापासून घरी एकटेच. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, तुमी पुढं राहा." आमच्याकडे वडीलधाऱ्याला पंगतीत पुढे बसवतात, जीपमध्येही पुढेच बसवतात, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण सगळ्यात दमदार म्हणून पुढे आहोत, अशी त्यांची पक्की समजूत झाली. काम चाललं होतं, म्हणून मीही ती मोडली नाही.

मग दिवाळीनंतर गुरुजी घराच्या पायरीवरून पडले. फार लागलं नाही, पण पुण्यातल्या मुलाने ठरवलं की बाबांना आता तिकडे न्यायचं. गुरुजी म्हणाले, मी टेकड्या चढतो, मला काय धाड भरली? मुलगा म्हणाला, बरं, मी येतो आणि डोळ्यांनी बघतो. रविवारी नीट चढून उतरलात तर इथेच राहा, नाही तर सामान बांधा.

गुरुजी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. "तिथं लिफ्टच्या घरात मी काय करू? खाली उतरलो त मले ओळखते कोण?" असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मी गटाला एवढंच सांगितलं, "रविवारी गुरुजींचा पोरगा येऊन राह्यला. जरा सांभाळून घेजो." चूक इथे झाली. आमच्या लोकांना सांभाळून घ्यायला सांगितलं की ते कुठे थांबायचं हे विसरतात.

टेकडी आर्वीच्या वाटेवरची, सागाच्या जंगलातली, वर मारुतीचं देऊळ. जीप पायथ्याशी लागल्या आणि पहिल्याच चढाला साडीच्या दुकानाचे मालक लंगडायला लागले. हे गृहस्थ एरवी बकरीसारखे चढतात. मी विचारलं, काय झालं? "गुडघा गेला बाप्पा." थोडं पुढे बँकेतले साहेब बुटाचे बंद बांधायला बसले. त्यांच्या पायात सँडल होत्या. योगासनांचे वर्ग घेणाऱ्या बाई सागाला मिठी मारून धापा टाकत होत्या, आणि त्या एवढ्या मोठ्याने टाकत होत्या की झाडावरचे पक्षी उडून गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुजी हळू दिसू नयेत म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांच्याहून हळू चालायचं ठरवलं होतं. माझ्या पाठीमागे, मला न विचारता.

मी साडीवाल्यांना बाजूला घेतलं. "हे काय लावलं तुमी?"

"तुमीच त सांगितलं, सांभाळून घ्या म्हणून."

"आणि मघाशी डावा पाय दुखत होता न तुमचा? आता उजवा काऊन ओढून राह्यले?"

त्यांनी पायांकडे पाहिलं आणि मुकाट्याने पाय बदलला.

बकऱ्या चारणारी एक म्हातारी वर गेली, कळप फिरवून परत खाली आली, तरी आम्ही त्याच वळणावर होतो. तिने आमच्याकडे नीट बघून विचारलं, "काऊन वो, इतक्या बिमार लोकायले देवाकडं नेऊन राह्यले का?" गुरुजींच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पुण्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. "ताई, तुमच्या गटात सगळेच असे आहेत का?" मी म्हटलं, "थंडीचे दिवस आहेत."

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. पण त्याहून भीती जास्त वाटत होती. माणसं नेणाऱ्याचं अर्धं काम म्हणजे कोण थकलंय ते चेहऱ्यावरून ओळखणं. इथे सगळेच थकल्याचं सोंग करत होते, आणि त्यात एखादा खरंच थकला तर मला तो दिसणार कसा?

गुरुजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी ते पुढचे होते, दमदार होते, आणि मुलासमोर त्यांचा सगळा गट ढेपाळला होता. मी मागे जाऊन त्या बंदवाल्या साहेबांना झापत होते, तेवढ्यात वरून मैदानावरचा जुना आवाज आला, "ए, चाला! एक-दोन, एक-दोन! लाज नाई वाटत?" आणि गुरुजी निघाले. हात हलवत, ताठ, भराभर. मी जोरात शिट्टी वाजवली. आपल्या मदतीला मी मागच्यांना हाकतेय असं समजून त्यांनी वेग आणखी वाढवला.

मी धावले. वळणापलीकडे ते एका दगडावर बसलेले सापडले. तोंड पांढरं पडलेलं, सदरा घामाने चिंब. "एक-दोन" असं ओठांतल्या ओठांत चाललं होतं. सकाळी घाईत मधुमेहाची गोळी घेतली होती आणि खाल्लं काहीच नव्हतं. मी त्यांना साखरेचं पाणी पाजलं, सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, टेकून बसवलं. मुलगा आला आणि त्यांचा हात धरून नुसता उभा राहिला. देऊळ वर दिसत होतं. मी म्हटलं, परत फिरायचं.

आणि मग सगळ्यांना गुण आला. साडीवाले दोन उड्यांत वर आले आणि गुरुजींच्या आधाराला उभे राहिले. सँडलवाल्या साहेबांनी चार पिशव्या उचलल्या. योगवाल्या बाईंनी गुरुजींना काखेत हात घालून जवळजवळ उचलूनच आणलं, एकदाही धाप न टाकता. मुलगा एकेकाकडे बघत राहिला. त्याला आता सगळं कळलं होतं.

आर्वीत डॉक्टरांना दाखवलं. साखर उतरली होती, आता ठीक आहे, पण अशी दमछाक करून घ्यायची नाही, असं ते म्हणाले. आम्ही सगळे बाहेर व्हरांड्यात उभे होतो. गुरुजी बाकावर बसले होते. मुलगा माझ्यासमोर आला.

"ताई, खरं सांगा. पुढच्या वेळी बाबांना टेकडीवर न्याल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. साडीवाल्यांनी तर डोळ्यांनी "हो म्हणा" अशी खूण केली. गुरुजीही बघत होते. हो म्हणायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "चढावर आता कधीच नेणार नाही. पवनारला धाम नदीच्या काठाने नेईन, सपाटीवर. तेही जेवून आले तर."

गुरुजींनी मान फिरवली. साडीवाले कपाळावर हात मारून घेणार होते.

मुलगा वडिलांशेजारी बाकावर बसला. मग म्हणाला, "मी फोन केला की इथला प्रत्येक जण मला सांगतो, बाबा एकदम मस्त आहेत. त्याचीच मला भीती वाटायची. त्यांना नाही म्हणणारं इथे कोणीतरी आहे ना, मग राहू देत त्यांना इथेच."

सगळ्यांना इतका आनंद झाला की डॉक्टरांच्या कंपाउंडरने येऊन दटावलं. गुरुजी मात्र उठून जीपकडे निघाले. जीपमध्ये ते, पहिल्यांदाच, मागे बसले. वर्ध्यात त्यांच्या फाटकाशी मी हात द्यायला उतरले, तो त्यांनी घेतला नाही. मुलगा पिशवी घेऊन आत गेला, तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"उद्या भाजीबाजारात जाऊ न मी?" त्यांनी विचारलं. "का तेबी आता तुलेच विचारू?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं होतं, पण विचारल्यावर ते तिथेच उभे राहिले, उत्तरासाठी. मला रडू आलं. ज्यांच्यासमोर मी पाणी प्यायलाही बोट वर करून विचारायची, त्यांना मी म्हटलं, "जाजो गुरुजी. पण खाऊन जाजो."